मागची पाटी पिवळी

अगं, लागलं का सामान? नाही ना, दिसतंच आहे. मागच्या अंगणात अजून खोक्यांचा ढीग आहे तुझ्या. राहू दे. डब्लिनमध्ये ऊन पडलं की आधी कपडे वाळत घालायचे, खोकी कुठे पळून जात नाहीत. ये जरा कुंपणापाशी, म्हणजे मला ओरडायला नको. या दोन फळ्या वादळात सैल झाल्यात. आमचे हे सारखे म्हणतात ठोकून घेऊ, मीच ठोकू देत नाही. गप्पांना बरं पडतं.

काल संध्याकाळपासून तुला एक सांगीन सांगीन म्हणतेय. गाडी मँचेस्टरचीच आणलीत ना? कसं ओळखलं म्हणजे काय! मागची पाटी पिवळी आहे की. ब्रिटनमध्ये पुढची पांढरी आणि मागची पिवळी, इथे दोन्हीकडे पांढरी. तुम्ही कोणाला काही सांगा नाहीतर सांगू नका, आपल्या अख्ख्या लुकनला कळलंय की हे लोक होलीहेडहून बोटीने आलेत. आमच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा समोर अशीच एक पिवळी पाटी उभी होती. दोन दिवस त्यांनी खिडकीतून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला आत बोलावून हळूच विचारलं, "समोरचे टॅक्सी चालवतात का गं? शिकलेले दिसतात चांगले." आता आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे भाड्याचीच गाडी, त्यांचं तरी काय चुकलं? वर त्या नंबरात ६९ होतं. म्हणाल्या, गाडी एकोणसत्तर सालची आहे पण ठेवलीय छान. तुझ्याही गाडीला ६९च आहे ना? सप्टेंबर २०१९नंतरची म्हणजे. मी वाचते हं सगळ्यांच्या पाट्या.

तर मुद्दा असा, की इथे राहायला आलं की परदेशी नंबरवर फिरता येत नाही. गाडी देशात आली की सात दिवसांत नोंदणीची अपॉइंटमेंट घ्यायची आणि तीस दिवसांत नोंदणी पुरी करायची. बघू नंतर, आधी मुलांची शाळा, आधी ब्रॉडबँड, असं करू नकोस. गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, नाकाबंदीत कधीकधी रेव्हेन्यूची, म्हणजे करखात्याची, माणसंही उभी असतात, त्यांचं लक्ष बरोब्बर असल्या पाट्यांवर असतं. गाडी जप्त करायचा अधिकार आहे त्यांना, आणि सोडवायला टॅक्स भरा, वर दंड भरा. त्या पलीकडच्या वळणावरच्या घरात एक जण बरेच महिने तसाच फिरत होता. विचारलं की म्हणायचा, आम्ही पाहुणे आहोत. पाहुणे म्हणे! मुलं इथल्या शाळेत, बायको इथल्या हॉस्पिटलात नोकरीला, दारात तीन रंगांचे कचऱ्याचे डबे. पाहुणा कोण ते रेव्हेन्यूला नीट कळतं बाई.

खरा पाहुणा असला तर भाग वेगळा. तुझे दीर बर्मिंगहॅमला असतात ना, ते आले आपली गाडी घेऊन तर खुशाल येऊ देत, त्यांना सवलत आहे. पण त्यांची गाडी तू चालवायची नाहीस. "वहिनी, दूध संपलंय, जरा माझीच गाडी काढा," असं ते म्हणतील, पण तू इथली रहिवासी, ती गाडी तुझ्या हातात सापडली तर त्यांची सवलत राहते बाजूला. दुधाला चालत जा. दुकान काय लांब आहे का?

नोंदणी म्हणजे आपल्यासारखं आरटीओत जायचं नाही. गाडीची नियमित तपासणी करणारी जी एनसीटीची केंद्रं आहेत ना, तीच रेव्हेन्यूच्या वतीने हे काम करतात. जाताना ब्रिटनचं नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि पीपीएस नंबर घेऊन जायचं. तो माणूस गाडीभोवती एक चक्कर मारतो, पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला चॅसिस नंबर वाकून वाचतो, बॅटरी लावून दाराच्या चौकटीतला वाचतो, आकडा न् आकडा कागदाशी जुळवून बघतो. मग मीटर किती पळालाय ते टिपून घेतो, फोटो काढतो. ब्रेकबिक नाही बघत, ते एनसीटीचं वेगळं असतं. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी, इथे चार वर्षांनी पहिली तपासणी, मग दहा वर्षांची होईपर्यंत वर्षाआड, मग दर वर्षी. तुझ्या गाडीला लागणारच. पण तो किरकोळ खर्च गं. खरा खर्च आहे तो टॅक्सचा.

व्हीआरटी म्हणतात त्याला. १९९३पासून आहे. आणि तू गाडी कितीला घेतलीस ते कोणी विचारतच नाही! तसली गाडी आज आयर्लंडच्या बाजारात कितीला जाईल ते रेव्हेन्यू ठरवतं आणि त्या किमतीवर टक्के लावतं. धूर कमी असेल तर ७ टक्के आणि राक्षसासारखी मोठी गाडी असेल तर पार ४१ टक्के. वीस हजार युरोची गाडी धर, वीस टक्के धर, झाले ना चार हजार? शिवाय नायट्रोजन ऑक्साइडचा आकार निराळा. डिझेलवर तो ४,८५० युरोपर्यंत जाऊ शकतो, पेट्रोलला ६००च्या वर जात नाही. म्हणून जुनी डिझेल गाडी आणली म्हणून कोणी सांगितलं की मी गप्पच बसते, काय बोलणार?

आणि हे झालं फक्त व्हीआरटीचं. ब्रेक्झिटपासून, म्हणजे १ जानेवारी २०२१पासून, इंग्लंडची गाडी ही परदेशी माल झाली. पूर्वी इथली अर्धी माणसं स्वस्त गाडी बघायला तिकडेच जायची. आता दहा हजाराची गाडी आणलीस तर दहा टक्के कस्टम ड्यूटीचे हजार, मग त्या अकरा हजारांवर २३ टक्के व्हॅट म्हणजे २,५३०, आणि ते भरून झालं की व्हीआरटी. बरं, कस्टम ड्यूटी कुणाला माफ? जी गाडी ब्रिटनमध्येच बनली आणि तसा कागद आहे तिला. संडरलंडच्या कारखान्यात बनलेल्या गाडीला कागद दाखवला की सुटका, पण जर्मनीत बनून इंग्लंडला विकली गेलेली गाडी परत युरोपियन युनियनमध्ये आली तर तिच्याकडून घेतात! माहेरी आलेल्या लेकीकडून उंबऱ्यावर पैसे मागावेत तसं झालं हे. मला तर पटत नाही, पण माझं पटणं कोण विचारतंय.

अगं, घाबरू नकोस, तोंड बघ कसं झालं तुझं! तुला यातलं काहीच भरायला लागू नये. तेच सांगायला तर बोलावलं. जे लोक खरोखर घर उचलून राहायला येतात त्यांच्या गाडीला हे सगळे कर माफ आहेत. व्हीआरटी माफ, कस्टम ड्यूटी माफ, व्हॅट माफ. तुझा सोफा, तुझी कपाटं, तुझा मिक्सर आणला ना, तशीच गाडीही घरसामानात धरतात. अटी मात्र आहेत. दुसऱ्या देशात किमान वर्षभर खरंखुरं राहिलेलं पाहिजे. इकडे राहायला यायच्या आधी सहा महिने तरी गाडी तुझ्या मालकीची आणि तुझ्या वापरात पाहिजे. राहायला आल्यापासून वर्षाच्या आत ती इथे आणली पाहिजे. आणि नोंदणीनंतर बारा महिने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कोणाला वापरायलाही द्यायची नाही.

त्या सहा महिन्यांपायी काय झालं सांगू? पण बोलायचं नाही हं कुठे. शेवटच्या घरातले ते नागपूरचे, ती दाढीवाली जोडी... अगं तो दाढीवाला, ती नाही! त्यांना इकडची नोकरी लागली म्हटल्यावर कुणीतरी डोक्यात भरवलं की आयर्लंडमध्ये गाड्या महाग, तिकडूनच मोठी घेऊन जा. घेतली की यांनी एक दांडगी डिझेल, सात सीटांची. सामान बांधायला सुरुवात आणि गाडीची डिलिव्हरी एकाच आठवड्यात. इथे उतरले, सवलतीचा अर्ज केला आणि रेव्हेन्यूने पहिलीच तारीख बघितली. सहा महिने कुठे आहेत? मग सगळं व्याजासकट म्हणतात तसं. आकडा त्याने आमच्या ह्यांना सांगितला, ह्यांनी मला सांगितला नाही, म्हणजे मोठाच असणार. बायको वर्षभर दिवाळी पार्टीला बसने यायची. गाडी होती दारात, पण रागच एवढा होता तिला.

तुमची कर्जावर आहे का गाडी? ब्रिटनमध्ये ते पीसीपीवर बरेच जण घेतात, महिन्याला थोडे थोडे भरायचे. तसं असेल तर गाडी कागदोपत्री तुमची नसते, फायनान्स कंपनीची असते, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ती कायमची देशाबाहेर नेताच येत नाही. फेडलंत ना? बरं केलंत. ते फेडल्याचं पत्र कुठल्या खोक्यात आहे तेवढं आज शोध.

आणि गाडी कोणाच्या नावावर आहे, तुझ्या? बघ, मला वाटलंच. आता नीट ऐक, इथेच बायका अडकतात. सवलत मिळते गाडीच्या मालकाला, म्हणजे तुला. मग तू मँचेस्टरला राहत होतीस हे तुझ्या नावाच्या कागदाने दाखवायचं. आता आठव, विजेचं बिल कोणाच्या नावावर होतं? यांच्या. गॅस? यांच्या. पाणी, इंटरनेट, भाड्याचा करार? यांच्या, यांच्या, यांच्या. घर सगळं चालवायचं आपण, मुलांना शाळेत सोडायचं आपण, गाडी फिरवायची आपण, आणि कागदावर बघावं तर बाई तिथे राहतच नव्हती! माझ्या मैत्रिणीचं असंच झालं. नोकरी सोडलेली, त्यामुळे पगाराच्या पावत्याही नाहीत. शेवटी काउन्सिल टॅक्सच्या बिलावर दोघांची नावं निघाली. मग दवाखान्याचं पत्र, मुलांच्या शाळेने आईच्या नावाने पाठवलेली पत्रं, बँकेची स्टेटमेंट्स, गाडीचा विमा तिच्या नावाचा होता तो, असं एकेक करून तिने दाखवलं की मी होते बाबा तिथे. गाडीचं काय, तिचा चॅसिस नंबर पाच मिनिटांत जुळतो. तपासतात ते आपल्यालाच. कुठे राहत होता, का सोडलं, इथे का आलात, राहणार का जाणार. आणि मला विचारशील तर बरोबरच आहे ते. एवढी हजारांची माफी द्यायची तर कोणीही उठून म्हणेल मी राहायला आलो. फक्त बायकांची नावं बिलावर लावा, हे लग्नातच सांगायला पाहिजे.

हो, आणि ते ब्रिटनचं लाल-निळं नोंदणीपुस्तक आहे ना, त्याच्यावरच छापलंय की हा मालकीचा पुरावा नव्हे. गाडी कोण सांभाळतं एवढंच ते सांगतं. म्हणून खरेदीची पावती वेगळी हवी. गाडी कायमची देशाबाहेर गेली हे कळवायचा एक भाग आहे त्यात, तेवढाच भरून तिकडच्या वाहनखात्याकडे स्वान्सीला पाठवायचा, बाकीचं पुस्तक इथे दाखवायला जपून ठेवायचं. कळवलंस की तिकडे भरलेल्या रोड टॅक्सचे उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसेही परत मिळतात.

थांब, तो शर्ट पडला बघ तुझा. आणि ते ढग आलेच. पाच मिनिटं आहेत अजून, मी ओळखते.

नंबर काय मिळेल विचारतेस? ती मजाच आहे. इथे नंबरावरून गाडीचं वय कळतं, लपवता येत नाही. पहिले आकडे सालाचे, मग जिल्ह्याचं अक्षर, डब्लिनचं डी, वर बारीक अक्षरात जिल्ह्याचं आयरिश भाषेतलं नाव. तुझी गाडी २०१९च्या उत्तरार्धातली, म्हणून १९२-डी आणि पुढे नंबर. तिकडून आणलेल्या गाडीलाही तिचं मूळचं सालच देतात, इथे आली त्या वर्षाचं नाही. ब्रिटनमध्ये लोक आवडीचा नंबर घेऊन गाडीचं वय झाकतात ना, ते इथे चालत नाही. हजार युरो भरून शेवटचे आकडे हवे ते मागता येतात, पण साल तेच राहतं. त्यामुळे जानेवारीत न् जुलैत कोणी नवी घेतली, कोण अजून जुनीच ओढतंय, सगळ्या गल्लीला माहीत. आम्ही जुनीच ओढतोय. चालतेय छान.

आणि साल तीन आकड्यांत का लिहितात माहितीय? पूर्वी दोनच आकडे असायचे, १९८७पासून. मग २०१३ जवळ आलं आणि इथल्या लोकांना धडकी भरली, की पाटीवर १३ आलं तर गाड्या घेणार कोण! तेराचा आकडा अशुभ ना यांच्यात. मग वर्षाचे दोन भाग केले, जानेवारी ते जून १३१, जुलैपासून १३२. गाड्यांची विक्री सगळी जानेवारीत तुंबायची, तीही वर्षभर वाटली जावी, हेही कारण होतंच म्हणा. पण अंधश्रद्धा आपल्याकडेच असते असं सांगणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते. गंमत म्हणजे तेव्हा वाहतूकमंत्री कोण? लिओ वराडकर. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. पाट्यांचं खातं त्यांच्याकडे नव्हतं, ते अर्थखात्याचं काम, पण आमचे हे अजून सांगतात की मालवणी माणूस मंत्रिमंडळात असल्यावर तेराचा बंदोबस्त होणारच.

नोंदणी झाली की तीन दिवसांत नवीन पाट्या लावायच्या. मोटारीच्या सामानाच्या दुकानात करून मिळतात. जुन्या काढताना मागचे स्क्रू गंजलेले असतात, तेल घालून ठेवायला सांग यांना आदल्या रात्री. मग मोटर टॅक्स भरायचा, आणि नोंदणीपत्र क्लेअरमधल्या शॅननहून पोस्टाने येतं. गाडीत बदल काही करावा लागत नाही. स्टीअरिंग उजवीकडेच, दिवे तेच. मैलांचा काटा तेवढा सांभाळ. इथे २००५पासून किलोमीटर आहेत. पाटीवर १०० दिसलं म्हणून मैलाच्या काट्यावर १०० करशील तर गाडीची पाटी पांढरी असूनही पकडतील. बरं, सीमेपलीकडे न्यूरीकडे गेलीस की परत मैल. सीमेवर ना फाटक ना शिपाई, फक्त पाट्यांवरचे आकडे बदलतात.

विम्याचं आजच बघ. तिकडची कंपनी तू इथे राहायला आल्यावर किती दिवस पाठीशी राहील ते फोन करून विचार. इथल्या काही कंपन्या परदेशी नंबरवर थोडे दिवस विमा देतात, मग नवीन नंबर कळवायचा. नो-क्लेमचं पत्र मँचेस्टरच्या कंपनीकडून लेखी मागव. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा ह्यांनी मोठ्या ऐटीत पुण्याचं नो-क्लेमचं पत्र टेबलावर ठेवलं. पलीकडच्या मुलीने ते उलटसुलट बघितलं, छान आहे म्हणाली, आणि परत दिलं.

आणि आपल्याकडे सोपं आहे असं काही मनात आणू नकोस. माझा भाऊ पुण्याहून बंगळुरूला गेला, देश तोच, सरकार तेच. तरी एमएच १२ची एनओसी आणा, कर्नाटकचा टॅक्स भरा, मग पुण्यात भरलेल्याचा परतावा मागत बसा. तो परतावा त्याला मिळाला की नाही हे राखीपौर्णिमेला विचारायचं नाही असं ठरलंय आमचं.

तुझं लायसन्स ब्रिटिशच ना? मग तू सुटलीस. ब्रिटिश लायसन्स इथे बदलून मिळतं, परीक्षा नाही. भारतातलं मिळत नाही. आमचे हे टिळक रोडवर आयुष्यभर गाडी चालवलेले, इथे आल्यावर लेखी परीक्षा, एलची पाटी, बारा धडे सक्तीचे, मग टेस्ट, मग दोन वर्षं एनची पाटी. शिकवणारा पोरगा आमच्या लेकाच्या वयाचा. गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य त्याने काय म्हणावं? आरशात बघायची सवय लावून घ्या!

आला बघ पाऊस. कपडे काढ आधी. आणि ऐक, सवलतीचा अर्ज आजच भर. मंजुरीचं पत्र हातात घेऊन मगच त्या एनसीटीच्या केंद्रात जायचं असतं. आधी पैसे भरून गाडी नोंदवली आणि मग सवलत मागितली, असं इथे चालत नाही.